अंगठी उरते : आगा शाहिद अली यांच्या एका कवितेविषयी

घराण्यात वारशाने आलेल्या वस्तूवर लिहिलेल्या कवितांची एक ठरीव रीत असते. वस्तू समोर असते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि तिला स्पर्श होताच गेलेली माणसे पुन्हा बोलू लागतात. वस्तू शाबूत आहे आणि माणूस नाहीसा झाला आहे, या विषमतेतूनच अशा कवितेतील व्याकूळता जन्माला येते. आगा शाहिद अली यांची ‘द डाका गॉझेस’ ही इंग्रजी कविता या रीतीच्या नेमकी उलट्या टोकाला उभी आहे. येथे माणूस आहे आणि वस्तू नाही. आजी बोलते आहे. पण जिच्याविषयी ती बोलते ती ढाक्याच्या मलमलीची साडी फाटून गेली आहे, तिच्या चिंध्यांतून निघालेले रुमालही हरवले आहेत, आणि ती विणणारी कलाच लोप पावली आहे. मग या कुटुंबात वारसा म्हणून पुढे आले ते काय, हा प्रश्न या कवितेच्या मुळाशी आहे. माझ्या मते त्याचे उत्तर असे की, येथे वस्त्राचा वारसा नव्हे, तर वस्त्र पारखण्याचा वारसा पुढे सरकला आहे. आणि पारख ही वस्तूसारखी वाटून देता येत नसल्याने तिचा वारस कोण, हे नात्याच्या रूढ नियमांनी ठरत नाही.

शाहिद अली यांचा जन्म १९४९ सालचा, दिल्लीचा, वाढ श्रीनगरची. पुढे ते अमेरिकेत गेले, तेथेच अध्यापन केले आणि २००१ च्या डिसेंबरात तेथेच निवर्तले. प्रस्तुत कविता ‘द हाफ-इंच हिमालयाज’ या त्यांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील आहे. आपले घर, पूर्वज आणि काश्मीर यांच्याकडे दुरून पाहणाऱ्या कविता या संग्रहात बऱ्याच आहेत. ‘द कंट्री विदाउट अ पोस्ट ऑफिस’ (१९९७) या नंतरच्या संग्रहातील उद्ध्वस्त काश्मीर येथे अजून आलेले नाही. या कवितेतील हानी त्या मानाने जुनी, थंडावलेली, जवळजवळ घरगुती वाटते. तसे वाटणे किती फसवे आहे ते पुढे दिसेल.

कवितेच्या शिरोभागी ऑस्कर वाइल्डच्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ या कादंबरीतील एक उतारा आहे. ही कादंबरी १८९० साली मासिकातून व १८९१ साली ग्रंथरूपाने आली. तिचा नायक जगभरच्या दुर्मिळ वस्त्रांचा संग्रह करण्यामागे लागतो, आणि त्या संग्रहात ढाक्याचे झिरझिरीत कापड असते. उतारा देऊन कवी थांबत नाही. या मलमलीला तिच्या पारदर्शकतेमुळे पूर्वेकडे कोणती नावे होती, ती वाइल्डने जशी नोंदवली आहेत जवळजवळ तशीच कवितेच्या आरंभी येतात. शबनम म्हणजे दंव, आब-ए-रवाँ म्हणजे वाहते पाणी, आणि हवेचेच विणकाम म्हणावे असे तिसरे. ही मूळ फारसी वळणाची नावे. फारसी-उर्दूच्या संस्कारात वाढलेल्या काश्मिरी कवीच्या इंग्रजी कवितेत ती येतात ती मात्र लंडनच्या एका आयरिश लेखकाच्या वाटेने. हा वळसा दुर्लक्षिण्याजोगा नाही. कविता सुरू होते तेव्हा बोलणारा आवाज नातवाचा आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो संग्राहकाचा, वस्तूंची यादी करणाऱ्याचा आवाज आहे. दुसऱ्या कडव्यात आजी बोलू लागते आणि हा आवाज मागे पडतो. संग्राहकाला कापड कसे दिसते एवढेच ठाऊक असते. ते अंगावर नेसल्यावर, हाताला लागल्यावर कसे वाटत असे हे आता कोणालाच माहीत नाही, हे आजीचे पहिले म्हणणे. डोळा आणि त्वचा यांच्या ज्ञानातील हा भेद कवितेने इतक्या लवकर आणि इतक्या सहज प्रस्थापित केला आहे की घाईचा वाचक तो ओलांडून जातो.

यानंतर साडीचा वंशवृत्तांत येतो. ती आजीला तिच्या आईच्या लग्नातील चीजवस्तूंतून मिळालेली. इंग्रजीतील ‘डाउरी’ या शब्दाला आपण सवयीने ‘हुंडा’ म्हणू. पण येथे तो शब्द पूर्णपणे चुकीचा ठरेल. अभिप्रेत आहे ते स्त्रीधन, आईकडून लेकीकडे जाणारे. साडी खरी की खोटी याची कसोटी म्हणजे सहा वारांचे ते सबंध वस्त्र एका अंगठीतून ओढून काढणे. आजीने ती एकदाच नेसलेली आहे. वर्षे लोटल्यावर ती फाटली, तेव्हा तिचे रुमाल झाले, त्यांवर जरीच्या धाग्याने वेलबुट्टी होती, आणि ते घरातल्या बायकांत वाटले गेले.

कोणाला वाटले, हे कवी नेमके सांगतो: आजीच्या भावाबहिणींच्या किंवा दिरांच्या मुलींना, आणि सुनांना. इंग्रजीत ‘नीस’ हा एकच शब्द भाची आणि पुतणी दोघींना पुरतो. मराठीत हे वाक्य आणू पाहणाऱ्याला मात्र लगेच अडखळावे लागते, कारण आपल्याकडे हा केवळ शब्दाचा फरक नाही. भाची म्हटली की माहेर आले, पुतणी म्हटली की सासर. उलटपक्षी ‘आजी’ या शब्दाने मराठी अनुवादकाची सोय होते; हिंदी-उर्दूत दादी की नानी हे सांगावेच लागले असते आणि कवितेने उघडे ठेवलेले एक दार बंद झाले असते. अनुवादाच्या या अडचणींतून एक गोष्ट मात्र उजेडात येते. आईकडून लेकीकडे सरळ रेषेत उतरलेली साडी आजीच्या पिढीपाशी येऊन थांबते आणि मग आडवी पसरते, ज्या रक्ताच्या रेषेत नाहीत त्या सुनांपर्यंत. या वाटणीत आजीच्या मुलींचा उल्लेख नाही. नातवाचा तर नाहीच. कवितेचा निवेदक, म्हणजे ज्याला या सगळ्याचे सर्वांत अधिक मोल वाटते आहे तो, वारसांच्या यादीत कोठेच बसत नाही. त्याला रुमालाचा तुकडाही मिळालेला नाही.

रुमालांवरील वेलबुट्टीसाठी कवीने वापरलेला शब्द ‘पेझ्ली’ हा आहे. आपण जिला कोयरी म्हणतो तीच ही आकृती, काश्मिरी शालींवरची प्रसिद्ध बुट्टी. तिला इंग्रजीत मिळालेले नाव मात्र स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावाचे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या नकला तेथील मागांवर मोठ्या प्रमाणात निघत असत. मूळ वस्तू काश्मीरची आणि नाव नक्कल करणाऱ्या गावाचे! बंगालच्या मागांचे काय झाले हे कविता पुढे दोन कडव्यांत उघडपणे सांगते. काश्मीरच्या शालीचे काय झाले ते तिने एका नामात ठेवून दिले आहे. कवीने हे जाणून केले असेल की इंग्रजीत लिहिताना दुसरा शब्दच हाताशी नव्हता, या वादात शिरण्याचे कारण नाही. भाषेनेच येथे साक्ष दिली आहे. मराठी अनुवादात ‘कोयरी’ हाच शब्द येणार आणि तो आला की ही साक्ष पुसली जाणार. त्याच्या बदल्यात हळदीकुंकवाच्या कोयरीची एक घरगुती छटा मिळेल. असे सौदे अनुवादात होतच असतात.

याच संग्रहात ‘स्नोमेन’ नावाची एक कविता आहे. समरकंदहून काश्मिरात आलेला पूर्वज देवमाशाची हाडे वारसा म्हणून पाठीवर घेऊन येतो. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी एकमेकांना दिलेला तो बर्फाचा देह निवेदकाला आपल्या कातडीखाली जाणवतो. आणि तो ओझ्यातून सुटण्याची, वसंतात शिरण्याची स्वतःशी शपथ घेतो. दोन्ही कविता शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे या कवीच्या मनातील वारशाची दोन रूपे स्पष्ट होतात. पुरुषांकडून आलेला वारसा जड आहे, हाडांचा आहे, तो मागितल्याशिवाय मिळतो आणि नको म्हटले तरी सुटत नाही. स्त्रियांकडून आलेला हवेइतका हलका; तो मिळेलच याची शाश्वती नाही, आणि मिळाला तरी हातात धरून दाखवता येत नाही.

आता इतिहासाचे कडवे. शाळेत शिकलो, असे म्हणून निवेदक सांगतो की विणकरांचे हात तोडण्यात आले, बंगालचे माग मुके करण्यात आले आणि कापूस कच्चाच इंग्लंडला जाऊ लागला. विणकरांचे अंगठे कापल्याची कथा भारतीय मनात खोल रुजलेली आहे. तिचा कागदोपत्री मागोवा घेऊ लागलो तर कंपनीचाच एक माजी नोकर विल्यम बोल्ट्स याच्या १९७२ च्या दोनशे वर्षे आधीच्या, म्हणजे १७७२ सालच्या ग्रंथापाशी आपण पोचतो. तो लिहितो ते कच्चे रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांविषयी. कंपनीच्या सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी त्यांनी स्वतःच आपले अंगठे कापून घेतल्याचे. लोकस्मृतीत रेशमाचे सूत झाले, स्वतः कापलेले अंगठे दुसऱ्याने कापलेले झाले, आणि कवितेत अंगठ्यांचे हात झाले. मात्र यामुळे मूळ अत्याचार खोटा ठरत नाही. माणसाने स्वतःचा अंगठा तोडावा अशी पाळी आणणे हे तो तोडण्याहून सौम्य कसे मानावे? आणि ढाका शहराची वस्ती दीड लाखावरून तीस-चाळीस हजारांवर आली असे १८४० साली ब्रिटिश संसदेच्या चौकशीत चार्ल्स ट्रेव्हेलियनने सांगितले, ते काही लोककथा नव्हे. कंपनीने पाडलेले भाव, दरबारी आश्रयाचा अंत, गिरणीच्या कापडाचा लोंढा या सर्वांनी मिळून ते घडवले. या विनाशाचा हिशेब बंगाली वाचकापुढे मांडणाऱ्यांत एक मराठी वंशाचा लेखक होता, हे येथे सहज आठवते. सखाराम गणेश देउस्कर यांचे ‘देशेर कथा’ १९०४ साली निघाले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली.

कवितेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की इतिहासही येथे वारशाने आलेली गोष्ट आहे. तोही हातोहात येताना बदललेला आहे. पण आजीला त्याचा फारसा उपयोग नाही असे निवेदक स्पष्ट म्हणतो, आणि या ठिकाणी कवितेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. ज्यांचे हात गेले त्यांची वेदना एका ओळीत उरकून कविता पुन्हा खानदानी घरातल्या आजीच्या हळहळीकडे वळते. हल्लीची मलमल तिला जाडीभरडी लागते, हे दुःख त्या दुःखापुढे काय? विणकरांना येथे नाव नाही, नातेवाईक नाहीत, त्यांच्या घरात काय वारसा उरला हे कोणी विचारीत नाही. नाती आहेत ती नेसणाऱ्यांना. विणणाऱ्यांना केवळ तोडलेले हात. वारशाची वस्तू जपायला मुळात घर लागते, पेटी लागते, आईचे नाव लागते. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलेल्या, आईबापांचा ठावठिकाणा नसलेल्या नारायण सुर्वे यांच्यासारख्या कवीला या प्रकारची कविता लिहिताच आली नसती, आणि मराठीत त्यांनी कामगारांशी जोडलेले नाते वंशाचा आधार न घेताच जोडले.

हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. कवितेची ही मर्यादा आहे. परंतु तो अप्रामाणिकपणा नाही. निवेदकाला विणकर ठाऊक आहेत ते पाठ्यपुस्तकातून, आणि तसे तो सांगतो. त्यांच्या वेदनेची कौटुंबिक स्मृती आपल्यापाशी असल्याचा आव तो आणीत नाही. शिवाय इतिहास आजीच्या उपयोगाचा नाही म्हणून कवितेच्याही उपयोगाचा नाही, असे होत नाही. तोडलेले हात एकदा वाचल्यानंतर आजीचा हात आपण निरागसपणे पाहू शकत नाही. शेवटच्या कडव्यात तो हात पुढे येतो तेव्हा इतिहासाने आपले काम केलेले असते.

मराठी वाचकाला येथे शान्ता शेळके यांची ‘पैठणी’ आठवल्याशिवाय राहणार नाही. जुन्या कपड्यांच्या बोचक्यात तळाशी जपून ठेवलेली, आजीने आपल्या लग्नात नेसलेली पैठणी. तिला लागलेला अनेक वर्षांच्या सुगंधांचा वास. ती हृदयाशी धरली की भेटणारी आजी. अनेक मराठी वाचकांना ही कविता तोंडपाठ आहे. दोन्ही कवितांत आजी आहे, उंची वस्त्र आहे आणि स्पर्श हेच स्मरणाचे इंद्रिय आहे. पण रचना परस्परविरुद्ध. शेळक्यांच्या कवितेत वस्त्रातून आजी गवसते. शाहिद अलींच्या कवितेत आजीतून वस्त्र. ‘पैठणी’तील आजी स्वतः एक शब्दही बोलत नाही. तिच्या आयुष्याची सार्थकता नातच सांगते, आणि ती सौभाग्यवती असताना गेली यात धन्यता मानते. आजच्या वाचकाला हे खटकू शकेल. तरीही नव्या वस्त्राचा ताठरपणा संसारात मुरत मुरत मऊ होत गेला, हा तपशील त्या कवितेला केवळ भाबडेपणातून वाचवतो. वस्त्र आणि स्त्री दोघींचे वय तेथे एकाच पोतात वाढते. शेळक्यांच्या कवितेत मधला काळ गळून पडतो आणि भेट होते. शाहिद अलींना तो काळ गाळता येत नाही, कारण त्यांच्या हाती धरायला काही नाही. मराठी कवितेला इतिहासाची गरज पडली नाही. पैठणी शाबूत होती. दोन्ही कवींचे निधन अवघ्या सहा महिन्यांच्या अंतराने झाले, शेळक्यांचे जून २००२ मध्ये. त्यापलीकडे त्यांच्यात काही संबंध नव्हता, आणि प्रभावाचा शोध घेण्याची आवश्यकताही नाही.

‘द डाका गॉझेस’चा शेवट वारंवार वाचण्याजोगा आहे. आजी म्हणते की तो पोत आता फक्त शरद ऋतूत, पहाटे नमाजासाठी उठले तर, हवेत जाणवतो. काश्मिरात ज्याला हरुद म्हणतात तो हा ऋतू. अशा एका पहाटे हवा दंवाने खळ दिल्यासारखी झाली होती, आणि आजीने नकळत ती आपल्या अंगठीतून ओढली. एवढेच. कापडाला हवा म्हणणारे जे रूपक आरंभी वाइल्डच्या यादीतून आले होते ते येथे उलटे फिरले आहे. आता हवाच कापड झाली आहे. दंवही नाव म्हणून आले होते, ते खरे दंव होऊन परतले. संग्राहकाने जे नाव म्हणून टिपले ते आजीने अनुभव म्हणून परत मिळवले.

याकरिता कवीने व्याकरणाचा जो उपयोग केला आहे तो इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा. आधी साडी अंगठीतून ‘ओढली गेली’. कोणी ओढली ते कर्मणी रचनेत दडले आहे, आणि अंगठी कोणतीही एक आहे. अखेरीस क्रियापद कर्तरी होते, ओढणारी आजी असते आणि अंगठी तिची स्वतःची असते. जी परीक्षा दुसऱ्या कोणी तिच्या स्त्रीधनाची घेतली होती ती आता ती स्वतः, विनासायास, जगाची घेते आहे. सर्वांत मोलाचे म्हणजे ती हे नकळत करते. आठवण काढणे आणि आठवण शरीरात असणे यांतील अंतर त्या एका क्रियाविशेषणात आहे. तीन-तीन ओळींची कडवी अर्ध्या वाक्यावर तुटतात आणि वाक्य पुढच्या कडव्यात ओढले जाते. सबंध कविता वाचताना डोळ्याला तीच क्रिया करावी लागते, तरी कवी या साम्याकडे बोट दाखवीत नाही. आजीच्या या कृतीला साक्षीदारही नव्हता. नातवाने ती पाहिली नाही, ऐकली. ज्याला रुमाल मिळाला नाही त्याला ही हकीगत मिळाली, आणि नात्यातील हे देणे वाटणीच्या यादीबाहेरचे आहे.

कवितेत मृत म्हटलेल्या कलेला मधल्या काळात थोडी धुगधुगी आली आहे. ढाक्याच्या जामदानी विणकामाला २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि मेघनाकाठच्या ‘फुटी कार्पास’ या कपाशीचा शोध घेऊन जुन्या तलमपणाची मलमल पुन्हा विणण्याचे प्रयत्न बांगलादेशात झाले. त्या कापडाच्या धाग्यांची मोजदाद करता येते, आणि अंगठीची कसोटीही त्याला लावता येते. आजीची कसोटी निराळी होती. ती कापड शरदातल्या पहाटेच्या हवेशी ताडून पाही. आणि ती तिने सांगून ठेवली ते, ती साडी ज्याने कधी हातात घेतली नव्हती, त्या नातवापाशी.